दार उघडलं आणि फी लागली

(पडद्यावर : काळसर दगडाच्या भिंती, पांढऱ्या कडा, उंच कमान. कमानीतून आत जाणारी मुलं-मुली.)

हे न्यूयॉर्कचं सिटी कॉलेज. १८४७ साली लोकांनी मतदान करून हे कॉलेज काढायला मंजुरी दिली. तेव्हा त्याचं नाव होतं ‘फ्री अकॅडमी’. कष्टकऱ्यांच्या मुलांनाही वरचं शिक्षण मिळावं आणि त्यासाठी त्यांच्याकडून फी घेतली जाऊ नये, हा त्यामागचा विचार.

हा विचार शंभराहून जास्त वर्षं टिकला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व युरोपातून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबांतली मुलं इथे शिकली. आईबाप कपडे शिवण्याच्या कारखान्यांत राबत होते आणि मुलं डॉक्टर, वकील, शास्त्रज्ञ होऊन बाहेर पडत होती. सरकारी पैशातून मिळणारं कॉलेजशिक्षण काय करू शकतं, याचं याहून ठसठशीत उदाहरण मला माहीत नाही.

पण जरा नकाशा बघा. हे कॉलेज हार्लेममध्ये आहे. आजूबाजूला काळ्या लोकांची वस्ती आणि कॉलेजच्या वर्गांत मात्र काळी मुलं अगदी थोडी. फी शून्य होती, तरीही. कारण प्रवेश मार्कांवर होता आणि मार्क ज्या शाळांत मिळवायचे, त्या शाळाच या मुलांच्या वाट्याला पडक्या, दुर्लक्षित आल्या होत्या.

(पडद्यावर : बंद फाटक. आतून लावलेली साखळी.)

एप्रिल १९६९. काळ्या आणि प्युर्टो रिकन विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या दक्षिण आवाराची फाटकं आतून बंद केली. शहराच्या शाळांमध्ये जी मुलं दिसतात, तीच त्या प्रमाणात कॉलेजातही दिसली पाहिजेत, ही त्यांची प्रमुख मागणी होती. पुढच्याच वर्षी, १९७० मध्ये, शहराच्या विद्यापीठाने (हे कॉलेज त्याचाच भाग) हायस्कूल पूर्ण केलेल्या प्रत्येकाला कुठल्या ना कुठल्या कॉलेजात जागा द्यायला सुरुवात केली.

आणि १९७६ मध्ये फी लागली.

१२९ वर्षं नसलेली फी, दार सताड उघडल्यावर सहा वर्षांत आली. शहराची तिजोरी तेव्हा खरोखरच रिकामी होती, कर्ज डोक्यावर बसलं होतं, हे मान्य. पण काटकसरीची वेळ आली तेव्हा नेमकं कोणाच्या ताटातलं काढलं गेलं, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकू. ‘कॉलेज फुकट करणं म्हणजे गरिबांच्या करातून श्रीमंतांची पोरं शिकवणं.’ हा आक्षेप फक्त बाजारवाद्यांचा, असं अनेकांना वाटतं. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी तो मांडला, हे खरंच. पण त्यांच्या कितीतरी आधी, १८७५ मध्ये, तो मांडला होता कार्ल मार्क्स यांनी. जर्मन कामगार पक्षाच्या कार्यक्रमावर टीका करताना त्यांनी लिहिलं की, काही ठिकाणी उच्च शिक्षण ‘फुकट’ असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की वरच्या वर्गाच्या शिक्षणाचा खर्च सर्वांच्या करातून भागवला जातो.

एरवी एकमेकांचं तोंड न बघणाऱ्या दोन विचारांनी एकाच जागी बोट ठेवलं असेल, तर तिथे दुखतं आहे हे नक्की. रोजंदारीवरचा माणूसही वस्तू विकत घेताना कर भरतो, आणि त्याची मुलगी बारावीच्या आत शाळेतून बाहेर पडली असेल, तर त्याच्या पैशावर दुसऱ्याचीच मुलगी पदवी घेते. मात्र यावर फी हा उपाय नाही. ती मुलगी आत कशी येईल, हे बघणं हा उपाय आहे. १९७० मध्ये न्यूयॉर्कने तेच केलं होतं.

(पडद्यावर : टेबलावर अर्ज. पेन धरलेला हात एका रकान्यापाशी थांबला आहे.)

‘फक्त गरिबांची फी माफ करा’ हा मधला मार्ग ऐकायला न्यायाचा वाटतो. हा अर्ज जवळून बघा. वडिलांचं उत्पन्न. वडील घर सोडून गेले असतील, तर तसा पुरावा. आईचं उत्पन्न. आईला रोखीने मजुरी मिळत असेल, तर त्याचा दाखला कोणी द्यायचा? अठरा वर्षांच्या मुलीला आपलं दारिद्र्य शिक्क्यानिशी सिद्ध करावं लागतं, तेही मुदतीच्या आत. श्रीमंत घरातल्या मुलाला असं काहीही सिद्ध करावं लागत नाही.

दक्षिण आफ्रिकेत ऑक्टोबर २०१५ मध्ये जोहान्सबर्गच्या विट्स विद्यापीठात १०.५ टक्के फीवाढीचा प्रस्ताव आला आणि विद्यार्थ्यांनी दारं अडवली. काही दिवसांत आंदोलन देशभर पसरलं. २३ ऑक्टोबरला हजारो विद्यार्थी प्रिटोरियात सरकारच्या दारात उभे राहिले आणि २०१६ ची फीवाढ शून्यावर आली. डिसेंबर २०१७ मध्ये वर्षाला साडेतीन लाख रँडपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी मोफत शिक्षण जाहीर झालं. मोठा विजय होता तो. पण रेघ ओढली की रेघेच्या जरा वर कोणीतरी असतंच. शिक्षक, नर्स, पोलीस यांची मुलं. मदतीला ‘श्रीमंत’ आणि फीला गरीब. तिथे त्यांना ‘हरवलेला मध्य’ म्हणतात.

चिलीचंही तसंच. लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत, १९८१ च्या बदलांनंतर सरकारी विद्यापीठांतही फी आली. २०११ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि २०१६ पासून उत्पन्नाच्या खालच्या निम्म्या घरांसाठी शिक्षण मोफत झालं.

इंग्लंडची गोष्ट मात्र सरळ नाही. १९९८ मध्ये वर्षाला हजार पौंडांपर्यंत असलेली फी २०१२ मध्ये नऊ हजारांपर्यंत गेली. फी कर्जातून भरायची आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर गेला की फेडायची. गरीब वस्त्यांतली तरुण मुलं विद्यापीठाकडे पाठ फिरवतील, अशी भीती होती. तसं झालं नाही, त्यांचं प्रमाण वाढलं. उलट स्कॉटलंडमध्ये तिथल्या मुलांना फी नाही, पण सरकार खर्च उचलणार म्हणून जागा मोजक्या. फी हाच एकमेव अडसर मानणाऱ्यांनी, म्हणजे माझ्यासारख्यांनी, हे नीट बघायला हवं.

पण इंग्लंडने २०१६ मध्ये आणखी एक गोष्ट केली. गरीब विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्यासाठी मिळणारं अनुदान नव्या विद्यार्थ्यांपुरतं बंद करून त्याजागी कर्ज दिलं. त्यामुळे घरातून मदत न मिळणारा मुलगा जास्त कर्ज काढतो आणि त्याच पदवीसाठी श्रीमंत वर्गमित्रापेक्षा जास्त देणं घेऊन बाहेर पडतो. खोलीचं भाडं, दोन वेळचं जेवण, प्रवास आणि शिकत असताना बुडालेली मजुरी या चार गोष्टी फीमाफीच्या बहुतेक घोषणांत नसतात. स्वीडनमध्ये तिथल्या विद्यार्थ्यांना फी नाही, तरी त्यांच्यातले अनेकजण जगण्यासाठी कर्ज काढतात.

म्हणून माझं मत असं : फी सरसकट माफ असावी, दारात दाखले मागू नयेत, आणि ज्याची पुढे भरपूर कमाई होईल त्याच्याकडून ती आयकरातून वसूल करावी. दाखले तपासण्यातली वाचलेली सगळी ताकद जागा वाढवण्यात, पडक्या शाळांत आणि विद्यार्थ्याच्या पोटापाण्याच्या भत्त्यात घालावी.

(पडद्यावर : पुन्हा तीच कमान. संध्याकाळ.)

२०१७ मध्ये न्यूयॉर्क राज्याने मध्यम उत्पन्नाच्या घरांतल्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी कॉलेजची फी भरणारी नवी शिष्यवृत्ती जाहीर केली. बातम्या झाल्या, फुकट कॉलेज परत आलं. अटींमध्ये एक ओळ होती : वर्षाला तीस क्रेडिट पूर्ण करायचे, म्हणजे पूर्णवेळ शिकायचं.

दिवसभर काम करून संध्याकाळी दोनच विषय घेणारी बाई या कमानीतून आजही आत जाते. ती फी भरते.