बसलेली गर्दी

(सांगलीत झालेल्या एका व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय, ‘मोठ्या अंतिम सामन्यांचे जाहीर प्रक्षेपण शहराने करावे का?’ माझं उत्तर आत्ताच सांगून टाकते. करावं, जरूर करावं. का आणि कसं, ते पुढे येईलच. पण आधी २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र सांगू द्या, ती मनातून जात नाही.

नवी मुंबईत महिला विश्वचषकाचा अंतिम सामना, समोर दक्षिण आफ्रिका. पावसानं नाणेफेकच लांबली, पहिला चेंडू पडायला पाच वाजले. सलामीला आपली स्मृती मानधना. इथं सांगलीजवळ माधवनगरात वाढलेल्या पोरीला आपली म्हणायला कुणाची परवानगी लागते का? हात वर करा बघू, त्या संध्याकाळी घरात टीव्हीसमोर कोण नव्हतं? बघा, एकही हात नाही. विजय हजारेसुद्धा इथलेच, १९१५ चा जन्म. १९५२ साली मद्रासला भारतानं पहिली कसोटी जिंकली तेव्हा कर्णधार तेच होते. त्यांच्यावर एक अख्खं व्याख्यान द्यायचंय मला, पण आज नको.

तर माझी नात अकरा वर्षांची, शाळेच्या संघात ऑफस्पिन टाकते. म्हणाली, “आजी, चौकात पडदा लावलाय, तिथंच बघायचं.” सून, नात आणि मी निघालो. कुठला चौक, कुणाचा पडदा, ते सांगत नाही. ज्यांनी लावला त्यांनी हौसेनं, पदरमोड करून लावला होता. पडदा मोठा, आवाज त्याहून मोठा. पण माणसं सगळी उभी. पुढं पोरं, त्यांच्यामागं स्टँडवर लावलेल्या गाड्यांवर चढून उभी राहिलेली पोरं. बायका कुठं, तर किराणा दुकानाच्या पायरीवर, नाहीतर वरच्या गॅलरीत. स्मृती-शफालीनं १०४ धावांची सलामी दिली आणि माझ्या नातीला दिसले नुसते शर्ट. स्मृती ४५ वर बाद झाली हे तिला कळलं, ते पुढच्यांनी डोक्याला हात लावले तेव्हा.

मी एका पोराच्या खांद्याला हात लावून म्हटलं, “बाळा, सगळे जरा खाली बसता का?” गुणी पोरगा होता. म्हणाला, “आजी, मी बसलो तर मागचा अंगावर येईल.”

या वाक्यासाठीच मी आज उभी आहे. त्याचं अगदी बरोबर होतं! एकट्यानं बसून भागत नाही. बसायचं तर सगळ्यांनी, आणि सगळ्यांना बसवायला कुणीतरी लागतं. आपला डाव संपायच्या आत आम्ही घरी आलो. दीप्तीचे पाच बळी, अमनज्योतच्या हातातून निसटत निसटत अखेर तिनं धरलेला त्यांची कर्णधार वोल्वार्ट हिचा झेल, ५२ धावांनी विजय, सगळं घरात बघितलं. लांबून फटाके ऐकू येत होते. नात म्हणाली, “आता तिथं काय चाललं असेल गं?” तिच्या गावची मुलगी जगज्जेती झाली आणि गावात तिला उभं राहायला जागा नव्हती. मला याचा राग आहे, अजूनही आहे.

आता मला सांगा, हा जिल्हा कुस्तीचा. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती माने यांचा. लहानपणी वडिलांबरोबर मी कुंडलच्या मैदानाला गेले आहे. हजारोंची गर्दी, हलगी कडाडतेय, आणि माणूस न् माणूस मातीत मांडी घालून बसलेला. मोठी जोड लागली की पुढचे दोघे-चौघे उठायचेच. मग मागून एकच गलका व्हायचा, “ए, खाली बसाऽ!” फेटेवाले वस्ताद हातातली काठी नुसती आडवी धरायचे आणि माणसं बसायची. बायका मात्र तिथंही नव्हत्या, हे मी लपवत नाही. पण गर्दी बसवायची विद्या आपल्याकडे होती, ती कुठून आणायला नको.

(इथं अध्यक्षांची चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. बरं.)

विरोध करणारे बंगळूरूचं नाव घेतात. ४ जून २०२५, स्टेडियमबाहेर अकरा जीव गेले. ते प्रक्षेपण नव्हतं, आयपीएल जिंकलेल्या संघाचा सत्कार होता, पण दारात कोंडलेली गर्दी उभीच होती. खरा धडा इटलीतल्या तुरीनचा. ३ जून २०१७, चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना चौकात पडद्यावर चालू. चोरट्यांनी मिरीचा फवारा मारला, लोक पळत सुटले. खाली फुटलेल्या बाटल्यांच्या काचा. दीड हजारांवर जखमी, पुढे मृत्यूही. म्हणून काचेची बाटली आत नको, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या, आणि उभं राहायचं नाही.

भराभर सांगते. महापालिकेनं मैदान द्यावं, चौक नको, चौकातून रुग्णवाहिका जाते. सतरंज्या घालून चौकोन आखावेत, मधे चालायला वाट. पुढचे चौकोन मुली आणि बायकांचे. मुतारीची सोय पायी जाता येईल इतकी जवळ, नाहीतर बायका येणारच नाहीत. तिकीट लावायचं नाही. तिकीट लावलं की प्रक्षेपणाच्या हक्काचा प्रश्न येतो, आणि फुकट असलं तरी परवानगीचं पत्र आधी हातात हवं. रात्री दहानंतर भोंगा बंद, हा कायदा आहे. बारापर्यंतची सवलत वर्षातून पंधरा दिवसच देता येते, त्यातले बहुतेक सणांना जातात. मग दहानंतर पडदा मुका ठेवा! स्टेडियममध्ये बसलेला माणूस समालोचन ऐकतो कुठं?

आणि शेवटचं. महिलांच्या टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना यंदा, म्हणजे २०२६ साली, ५ जुलैला लंडनमध्ये लॉर्ड्सवर आहे, रविवारी. जुलैतला आपला पाऊस बघता उघडं मैदान जमणार नाही, म्हणून मार्केट यार्डात एखादी मोठी शेड त्या दिवशी मोकळी मिळेल का, हे विचारायला मी सोमवारी जाणार आहे. सतरंज्या कुणाकडे आहेत त्यांनी जाताना मला भेटा.