दोन फुटी रुळांवरचा नाताळ

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला मेन राज्य, तिथलं अल्ना नावाचं छोटंसं गाव. इथे एका जुन्या छोट्या रेल्वेचं म्युझियम आहे, वाफेची गाडी चालवणारं. रात्रीत मोसमातला पहिला बर्फ पडलाय आणि त्याच्या शीपस्कॉट स्टेशनवर सकाळी सकाळी फावडी घेऊन जी मंडळी उतरलीत ना, त्यातल्या एकालाही पगार नाही. सगळे हौसेने येतात.

रूळ जरा जवळून बघा. मधलं अंतर फक्त दोन फूट, आपल्या माथेरानच्या गाडीचंच गेज. गाडी हलकी, त्यामुळे रस्ता रूळ ओलांडतो तिथे बर्फ दाबून दगडासारखा झाला तर चाक वर चढू शकतं, म्हणून चाकाची कड जाते ती फट पहारीने फोडून मोकळी करायची. आणि सांध्यात, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर वळते तिथे, गेलेला बर्फ झाडूने काढायचा, नाहीतर सांधा पूर्ण बसतच नाही. कितीही यंत्रं आणा, इथे हातच लागतो.

आता शेडमध्ये. हे इंजिन नंबर ९, १८९१ साली मेनमधल्याच पोर्टलंडच्या कारखान्यात बनलेलं. १९३३ च्या जूनमध्ये या लाइनवर एक गाडी घसरली, ती परत उचललीच नाही, लाइन बंद, पुढे रूळही उपटून विकले. हे इंजिन मात्र वाचलं, कनेक्टिकटमधल्या एका शेतावर कित्येक दशकं पडून होतं. १९८९ मध्ये हॅरी पर्सिव्हल यांनी इथे म्युझियम सुरू केलं, मग जुन्याच मार्गावर हळूहळू नवे रूळ पडले, इंजिन घरी आलं आणि वर्षानुवर्षं खपून लोकांनी ते परत वाफेवर आणलं. नुसतं काचेआड ठेवलं असतं तरी चाललं असतं म्हणणारे असतात, त्यांनी ही भट्टी बघावी.

आधी लाकूड, मग कोळसा, तेही दमादमाने, कारण थंड बॉयलर एकदम तापवला तर लोखंड सगळीकडे सारखं फुगत नाही आणि जोड सैल होतात. पाइपांमध्ये पाणी राहिलं तर गोठून फुटतात, म्हणून काम संपलं की ते रिकामे करायचे. तेलही थंडीत घट्ट होतं, डबा आधी भट्टीजवळ ठेवायचा.

तोवर बाहेर डब्यांना हिरव्या फांद्यांचे हार, लाल रिबिनी. डिसेंबरात इथे व्हिक्टोरियन ख्रिसमस, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्यासारखा नाताळ असतो, पोरं सांताला भेटायला गाडीने जातात. खर्च तिकिटं आणि देणग्यांतून निघतो.

ब्रेक तपासून झाले, गार्डने हात दाखवला. चला, बसा पटापट.