उणे १९६ अंशांवरचा प्रोसेसर

श्रोतेहो, नमस्कार. ओव्हरक्लॉकिंगच्या, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवण्याच्या, जाहीर प्रात्यक्षिकात गर्दी खेचतो तो पांढरा धूर. पण तो धूर नव्हे, आणि नायट्रोजनही नव्हे; नायट्रोजन वायू डोळ्यांना दिसत नाही. दिसतं ते हवेतल्या बाष्पाचं धुकं. खरं भांडण असतं ते याच बाष्पाशी.

द्रव नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सिअसला उकळतो. एवढ्या थंडीत चिपमधली विजेची गळती आणि तारांचा रोध घटतो, म्हणून व्होल्टेज आणि वेग दोन्ही चढवता येतात. २०११ साली एएमडीच्या एफएक्स प्रोसेसरने ८.४२९ गिगाहर्ट्झ गाठले, तेव्हा तर उणे २६९ अंशांचा द्रव हेलियम वापरला होता.

प्रेक्षकांना दिसत नाही ती तयारी, आणि सगळा वेळ तीच खाते. आधी रॅमचे आणि ग्राफिक्स कार्डाचे स्लॉट टेपने झाकायचे, मग मदरबोर्डावर संरक्षक वार्निशचा हात द्यायचा; स्लॉटमध्ये वार्निश गेलं की संपर्क गेलाच. प्रोसेसर बसतो त्या सॉकेटभोवती आणि बोर्डाच्या पाठीमागे निओप्रीन फोम घट्ट बसवायचा. मध्ये पोकळी राहिली की तिथे दव साठतं, आणि चालू बोर्डावर त्याचा परिणाम एकच, शॉर्ट. प्रोसेसरवर बसवलेल्या, नायट्रोजन ओतायच्या तांब्याच्या भांड्याभोवती टिशू पेपर गुंडाळावा. तो ओला दिसला की वेळेत कळतं. शिवाय एक पंखा रॅमवर सोडून ठेवावा.

तापमान मोजायला भांड्याच्या तळाजवळच्या भोकात के प्रकारचा थर्मोकपल घालतात. एवढ्या थंडीत चिपच्या आतल्या सेन्सरवर विसंबू नये.

उणे ५० पर्यंत सावकाश ओता, वेग थोडाथोडा वाढवा, प्रत्येक टप्प्यावर छोटी चाचणी घ्या. चाचणी सुरू झाली की भांडं काही अंशांनी तापायला हवं. ते तापलंच नाही आणि मशीन मात्र अडखळतंय, तर थर्मल पेस्टला (चिप आणि भांडं यांच्यामधल्या, उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाला) तडा गेला असं समजा: उष्णता भांड्यापर्यंत पोचतच नाही. आणखी नायट्रोजन ओतून उपयोग शून्य. भांडं गरम करून पेस्ट नव्याने लावावी लागते.

दुसरी अडचण कोल्ड बग. ठरावीक थंडीखाली काही चिप सरळ बंद पडतात. काही चालू राहतात, पण त्या तापमानाला पुन्हा सुरू होत नाहीत. उपाय एकच, हीट गनने भांडं थोडं वर आणायचं. ही मर्यादा प्रत्येक चिपची वेगळी, एकाच मॉडेलच्या दोन चिपसुद्धा सारख्या वागत नाहीत.

आता सभागृहाचं. १ लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि तो वास न येता प्राणवायूला बाजूला सारतो. प्राणवायू मोजणारं यंत्र हवंच, १९.५ टक्क्यांखाली आकडा आला की सगळ्यांना बाहेर काढा. नायट्रोजनच्या टाकीचं झाकण घट्ट लावू नका, दाब वाढून ती फुटते. लिफ्टने न्यायची तर टाकी एकटीच जाईल, माणूस जिन्याने. डोळ्यांवर फेस शील्ड आणि हातात सैल क्रायोजेनिक मोजे. सुती मोजे नकोत, ते द्रव शोषून कातडीला चिकटतात.

संपल्यावर भांडं खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मगच उघडा. फोम काढून बोर्ड पूर्ण वाळवा. उरलेला नायट्रोजन बेसिनमध्ये ओतू नका, पाइप तडकतात. मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर, उडून जाऊ द्या.