रात्रपाळीचा माल खरंच जास्त खराब निघतो का? काय-स्क्वेअर टेस्ट, आकड्यांसकट

नमस्कार मंडळी. आज थेट तक्त्यावरच येतो.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा एक कारखाना आहे, असं धरून चला. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, कुठल्या खऱ्या कारखान्याचे नाहीत. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. मालकाचं म्हणणं, रात्रपाळीत सेकंडचा, म्हणजे दोष असलेला माल जास्त निघतो. रात्रपाळीचे कामगार म्हणतात, सगळीकडे तेवढाच निघतो, आमचाच तेवढा डोळ्यावर येतो. कोणाचं खरं?

(स्क्रीनवर तक्ता)

पहिली पाळी: तपासले ३००, चांगले २८२, सेकंड १८.
दुसरी पाळी: तपासले ३००, चांगले २७६, सेकंड २४.
रात्रपाळी: तपासले २००, चांगले १७०, सेकंड ३०.
एकूण: तपासले ८००, चांगले ७२८, सेकंड ७२.

रात्रपाळीत १५ टक्के सेकंड, पहिल्या पाळीत ६ टक्के. फरक तर दिसतोच आहे. पण आठवडा बदलला की आकडे थोडे इकडेतिकडे होणारच. हा फरक त्या नेहमीच्या हलण्यातला आहे की त्यापलीकडचा, एवढंच काय-स्क्वेअर सांगते. त्याहून जास्त ती काही सांगत नाही, हे शेवटपर्यंत लक्षात असू द्या.

सुरुवात शून्य गृहीतकापासून. पाळी आणि सेकंड माल यांचा काही संबंध नाही, असं मानायचं. तसं असेल तर प्रत्येक पाळीत सेकंडचं प्रमाण सारखंच हवं. एकूण ८०० मध्ये ७२, म्हणजे ९ टक्के. मग ३०० च्या पाळीत २७ आणि २०० च्या पाळीत १८ सेकंड निघायला हवे होते. ही झाली अपेक्षित संख्या. सूत्रात सांगायचं तर ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज, भागिले एकूण बेरीज. पहिल्या पाळीसाठी ३०० × ७२ ÷ ८०० = २७. चांगल्या मालाच्या अपेक्षित संख्या अशाच येतात: २७३, २७३ आणि १८२.

आता प्रत्येक चौकटीसाठी प्रत्यक्ष संख्येतून अपेक्षित संख्या वजा करा, त्याचा वर्ग करा आणि अपेक्षित संख्येने भागा.

(स्क्रीनवर एकेक ओळ)

पहिली पाळी, सेकंड: १८ वजा २७, म्हणजे उणे ९. वर्ग ८१, भागिले २७ = ३.०००
दुसरी पाळी, सेकंड: उणे ३. वर्ग ९, भागिले २७ = ०.३३३
रात्रपाळी, सेकंड: अधिक १२. वर्ग १४४, भागिले १८ = ८.०००
चांगला माल: ०.२९७, ०.०३३, ०.७९१

बेरीज १२.४५. हीच काय-स्क्वेअरची किंमत.

इथे बहुतेक जण पुढे जातात, पण भागाकार का करतो हे समजून घेतलंत तर टेस्ट पाठ करावी लागणार नाही. मोजलेली कुठलीही संख्या योगायोगाने साधारण तिच्या वर्गमुळाइतकी हलते. १८ चं वर्गमूळ ४.२. तिथे १२ चा फरक म्हणजे नेहमीच्या हलण्याच्या जवळजवळ तिप्पट. १८२ चं वर्गमूळ १३.५. तिथे तोच १२ चा फरक अगदी मामुली. म्हणून रात्रपाळीच्या सेकंडच्या चौकटीतून ८ येतात आणि त्याच पाळीच्या चांगल्या मालाच्या चौकटीतून एकसुद्धा पूर्ण येत नाही.

पुढे स्वातंत्र्यमात्रा. ओळी वजा १, गुणिले स्तंभ वजा १. आपल्याकडे २ × १ = २. कारण बेरजा ठरलेल्या आहेत. सेकंडचे १८ आणि २४ हे दोन आकडे सांगितलेत की ३० आपोआप येतो, आणि चांगल्या मालाचा सगळा स्तंभही. मोकळे आकडे दोनच. कार्ल पिअर्सनने ही टेस्ट १९०० मध्ये मांडली, तेव्हा अशा तक्त्याची स्वातंत्र्यमात्रा तो चौकटी वजा १ अशी धरायचा, म्हणजे आपल्या तक्त्याला ५. रोनाल्ड फिशरने १९२२ मध्ये ते दुरुस्त केलं. फरक किरकोळ नाही. ५ टक्के पातळीची सीमा, म्हणजे संबंध नसताना योगायोगाने शंभरात पाचदाच ओलांडली जाणारी किंमत, २ मात्रेला ५.९९१ आहे आणि ५ मात्रेला ११.०७०. मधल्या किमतीचे सगळे निकाल उलटे लागले असते.

आपली किंमत १२.४५, सीमा ५.९९१. गृहीतक नाकारायचं. पी-व्हॅल्यू सुमारे ०.००२. तिचा अर्थ नीट ऐका: पाळीचा काहीच संबंध नसता, तर एवढा किंवा याहून मोठा फरक निव्वळ योगायोगाने हजारात सुमारे दोनदा दिसला असता. "गृहीतक खरं असण्याची शक्यता ०.२ टक्के" असं प्रोजेक्ट रिपोर्टात लिहिलेलं आढळतं. ते चूक आहे, तोंडी परीक्षेत हमखास पकडलं जातं.

बरं, एवढ्यावर मालक जिंकला का? अजून नाही. १२.४५ म्हणजे तक्त्यात कुठेतरी फरक आहे, एवढंच. कुठे, ते पाहायला प्रत्येक चौकटीचं समायोजित अवशेष काढा. प्रत्यक्ष वजा अपेक्षित, भागिले वर्गमूळ. वर्गमुळाच्या आत तीन गोष्टींचा गुणाकार: अपेक्षित संख्या, १ वजा ओळीचा वाटा, १ वजा स्तंभाचा वाटा. रात्रपाळीला १२ भागिले वर्गमूळ १८ × ०.७५ × ०.९१, म्हणजे अधिक ३.४२. पहिल्या पाळीला उणे २.३०. दुसरीला उणे ०.७७. साधारण २ च्या पलीकडे गेलं की लक्ष द्यायचं. म्हणजे रात्रपाळीत सेकंड जास्त, पहिल्या पाळीत कमी, दुसरी जिथे असायला हवी तिथेच. माझ्या मते हे तीन आकडे त्या एका पी-व्हॅल्यूपेक्षा जास्त कामाचे आहेत, आणि रिपोर्टात सगळ्यात कमी दिसतात तेही हेच.

आता चुका. पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी: टक्केवारी भरणं. ६, ८, १५ आणि ९४, ९२, ८५ असे आकडे टाकून पाहा. काय-स्क्वेअर येते ५.१२. सीमेच्या खाली! तोच माल, त्याच पाळ्या, आणि निकाल उलटा. कारण टक्के भरले की ८०० टॉवेलांचे ३०० झाले, आणि रात्रपाळीचे २०० सुद्धा १०० धरले गेले. टेस्टला नेहमी प्रत्यक्ष मोजणी द्या. टक्के, सरासरी, किलो, रुपये चालत नाहीत.

दुसरी चूक: फक्त सेकंडचे आकडे घेणं. १८, २४, ३०, बेरीज ७२, मग प्रत्येकी २४ अपेक्षित. काय-स्क्वेअर ३.००. पुन्हा "फरक नाही". का? रात्रपाळीचे २०० च तपासले होते, ते तक्त्यातून गायब झालं. चांगल्या मालाचा स्तंभ रिकामा वाटतो, पण किती तपासले हे फक्त त्याच्यामुळेच कळतं.

तिसरी चूक कागदावर दिसत नाही, मागावर दिसते. टेस्ट असं मानते की प्रत्येक टॉवेल स्वतंत्र आहे. पण ताण्याचा एक धागा तुटला आणि कोणाच्या लक्षात आला नाही, तर त्याच मागावरचे पुढचे सलग पाच-सहा टॉवेल त्याच रेषेसह बाहेर पडतात. तक्त्यात सहा दोष, प्रत्यक्षात घटना एक. रात्रपाळीच्या ३० पैकी १२ जर एकाच मागाचे असतील, तर तुम्ही पाळी मोजत नाही आहात, तो माग मोजताय. उपाय तपासणीच्या वेळीच करायचा: टॉवेलासोबत माग क्रमांक आणि दोषाचा प्रकार लिहा. ताणा तुटलेला, बाणा सुटलेला, तेलाचा डाग, लूप ओढलेला. शक्य असेल तर सलग टॉवेल न घेता प्रत्येक मागावरून अंतराने घ्या. आणि एका टॉवेलात दोन दोष असतील तरी तो तक्त्यात एकदाच येईल. एक टॉवेल, एक चौकट.

लहान नमुन्याचा नियम सगळ्यांना अर्धाच आठवतो. ५ चा नियम अपेक्षित संख्येला आहे, प्रत्यक्ष संख्येला नाही. प्रत्यक्षात शून्य असलं तरी चालतं. कोक्रनचा नियम असा: कुठलीही अपेक्षित संख्या १ पेक्षा कमी नको, आणि ५ पेक्षा कमी असलेल्या चौकटी २० टक्क्यांहून जास्त नकोत. मोडला तर अर्थ जुळणारे गट एकत्र करा, किंवा दोन बाय दोनच्या तक्त्याला फिशरची अचूक चाचणी वापरा. गट मात्र निकाल बघून जोडू नका. किंमत सीमा ओलांडेपर्यंत गट जोडत-तोडत बसलात, तर पी-व्हॅल्यूला काही अर्थ उरत नाही.

एक्सेलवाल्यांसाठी. अपेक्षित संख्यांचा तक्ता आधी स्वतः तयार करावा लागतो. सीएचआयएसक्यू.टेस्ट या फंक्शनला प्रत्यक्ष आणि अपेक्षित, दोन्ही पट्टे द्यायचे, बेरजेच्या ओळी वगळून. उत्तर येतं ते पी-व्हॅल्यूचं, काय-स्क्वेअरचं नाही. "काय-स्क्वेअर = ०.००२" असं लिहिलेलं दिसलं की समजायचं, काय झालंय. आर या संगणक भाषेत आणि पायथनच्या सायपायमध्ये दोन बाय दोनच्या तक्त्याला येट्सची दुरुस्ती (वर्ग करण्याआधी फरक थोडा कमी करणं) आपोआप लागते, म्हणून हाताने काढलेली किंमत थोडी जास्त येते. दोन्ही जुळत नाहीत म्हणून घाबरू नका, कुठली वापरली ते लिहा.

एकाच स्तंभाचा प्रश्न असेल तर हेच सूत्र वापरायचं. पाच डिझाइनच्या २०० चादरी विकल्या: ५२, ४३, ३८, ३६, ३१. सगळ्यांना सारखी मागणी असेल तर प्रत्येकी ४०. फरकांचे वर्ग १४४, ९, ४, १६, ८१, बेरीज २५४, भागिले ४० म्हणजे ६.३५. स्तंभ एकच, म्हणून इथे मात्रा गट वजा १, म्हणजे ४. सीमा ९.४८८. ५२ आणि ३१ मध्ये डोळ्याला भरपूर अंतर दिसतं, पण २०० च्या विक्रीत एवढं होऊ शकतं. एवढ्यावर पाचवं डिझाइन बंद करू नका.

पुन्हा टॉवेलांकडे. फरक किती मोठा आहे? क्रॅमरचा व्ही काढा: काय-स्क्वेअर भागिले नमुना, त्याचं वर्गमूळ. नमुन्याने भागल्यावर, ओळी आणि स्तंभ यांतला लहान आकडा वजा १ यानेही भागायचं असतं, पण आपल्याकडे तो १ च आहे. उत्तर ०.१२५, म्हणजे संबंध आहे पण सौम्य. हेच प्रमाण ठेवून ८,००० टॉवेल तपासले तर काय-स्क्वेअर १२४.५ होईल आणि व्ही तोच राहील. मोठा नमुना असला की क्षुल्लक फरकही "सार्थ" ठरतो, म्हणून व्ही लिहाच.

आणि रात्रपाळीत दोष जास्त म्हणजे कामगारांचा हात कमी, असं या तक्त्यातून निघत नाही. रात्री जुने माग चालतात का? जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा, हजर असतो का? उजेड किती? सोलापुरात उन्हाळ्यात हवा दुपारी सगळ्यात कोरडी असते, आणि कोरड्या हवेत सुती धागा जास्त तुटतो. हवेमुळे दोष आले असते तर दिवसाचा माल जास्त बिघडला असता. म्हणजे कारण दुसरीकडे शोधायला हवं. माग क्रमांकानुसार तेच ७२ सेकंड पुन्हा मांडा, आणि एकाच मागावर तिन्ही पाळ्यांत काय होतं ते पाहा.

निकाल लिहिताना मी असं लिहीन: "८०० टॉवेलांच्या तपासणीत पाळी आणि सेकंडचं प्रमाण यांत संबंध आढळला, काय-स्क्वेअर १२.४५, स्वातंत्र्यमात्रा २, पी ०.००२, क्रॅमरचा व्ही ०.१२५. रात्रपाळीत अपेक्षित १८ ऐवजी ३० सेकंड." खाली मूळ मोजणीचा तक्ता जोडा, टक्क्यांचा नाही. म्हणजे वाचणाऱ्याला हवं असेल तर तो स्वतः गणित तपासून पाहू शकेल.