श्वास मोजणाऱ्या बाया

(पहाट. जंगलालगतचं घर. अंगणात चुलीचा धूर.)

बाळ तीन दिवसांचं आहे. दारात आलेली आशाताई याच गावची. आधी ती साबणाने हात धुते, मगच बाळाला घेते. झोळीच्या काट्यावर वजन होतं, काखेत थर्मामीटर लागतो. मग बाळाचं पोट उघडं करून ती घड्याळाकडे बघत गप्प बसते. आजीही बोलायची थांबते.

मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे धोका.

डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी 1986 साली गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेचं काम सुरू केलं, तेव्हा साठपर्यंत मोजता न येणाऱ्या सुईणी गावोगाव होत्या. त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ असं साधं यंत्र तयार झालं. दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, तर न्यूमोनिया! शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईच्या बोटांत निदान आलं.

पुढचा प्रश्न अवघड होता. बाळंतपणं बहुतेक घरीच व्हायची आणि दवाखाना लांब. नवजात बाळाला जंतुसंसर्ग झाला, तर गावातल्याच बाईने इंजेक्शन द्यावं का? शंका रास्त होती. एवढ्याशा जिवाला सुई टोचायची म्हणजे कुणाचाही हात थरथरेल.

नव्वदच्या दशकात 39 गावांत आरोग्यदूत बायांनी ते करून दाखवलं. संसर्ग झालेल्या शंभर बाळांमागे आधी सुमारे 17 दगावायची. उपचार सुरू झाल्यावर ते प्रमाण तीनच्याही खाली आलं. शेजारच्या गावांशी तुलना करता, तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी घटले. 1999 मध्ये हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

(शोधग्राम, 'सर्च'चं ठिकाण. झाडीतल्या झोपड्या.)

आणि ज्यांना दवाखाना लागतोच, त्यांचं काय? आदिवासी लोक मोठ्या इस्पितळांना का बिचकतात, हे इथे त्यांनाच विचारलं गेलं. ते म्हणाले, तिथे सगळे पांढऱ्या कपड्यांत; आमच्यात पांढरं कापड मेलेल्या माणसावर घालतात. शिवाय नातेवाइकांना बाहेर काढतात. आजारी माणसाला एकटं ठेवून तो बरा कसा होणार?

हा प्रश्न कुठल्याही शहरातल्या वॉर्डाबाहेर रात्र काढणाऱ्या मुलालाही पडतो. इथे मात्र त्याचं उत्तर बांधून काढलं. चातगावजवळच्या या दवाखान्याला देवी दंतेश्वरीचं नाव मिळालं, आणि झोपड्यांमध्ये रुग्णासोबत घरची माणसंही राहू लागली.

(पुन्हा ते घर.)

घरी जाऊन नवजात बाळाला तपासायची, गडचिरोलीत उभी राहिलेली ही रीत 2011 पासून देशभरच्या आशाताईंच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झालं, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी यायचं असतं.

ताई घड्याळावरून नजर काढते. सेहेचाळीस. बाळ आईच्या उघड्या छातीशी जातं, वरून गोधडी. बापाला ती बजावते: दूध ओढेनासं झालं, रडणं बारीक झालं, अंग गार लागलं, तर रात्र असली तरी बोलवायचं.

तो मान हलवतो. सातव्या दिवशी ती पुन्हा येणार आहे.