मीटरमधला एक जुना बल्ब

(दृश्य: सोसायटीचं पार्किंग, रात्र. चाबी ऑन.)

हा पिवळट, मिणमिणता उजेड दिसतोय ना मीटरमध्ये? ही आमची १९९८ ची मारुती ८००, बाबांनी घेतलेली, आणि रात्री हायवेला स्पीड किती झालाय ते बघायला शेजारच्याला मोबाईलचा टॉर्च मारायला लागायचा, अक्षरशः. म्हटलं एलईडी टाकून टाकू.

काम सोपंय, खोटं कशाला बोलू. मीटरचे स्क्रू काढायचे, मागून स्पीडोमीटरची केबल सोडवायची (ओढाओढ करू नका), मग प्लास्टिकचे होल्डर दिसतात, थोडे पिळले की बल्बसकट हातात येतात. माझे बल्ब आतून पार काळे पडलेले. मी नाना पेठेत जुना बल्ब खिशात घालूनच गेलो, कारण टी-५ आणि टी-१० या बल्बच्या मापांमध्ये गफलत झाली की परत फेरी. छतावरचा दिवा वेगळाच, दोन्ही टोकांना धातूच्या टोप्या असलेला, त्याची लांबी मोजून घ्या.

तरी परत फेरी झालीच. हौसेने निळे आणले होते, दिसले झकास, पण स्पीडचा लाल काटाच गायब! निळ्या उजेडात लाल नसतोच मुळी, मग काटा काळाच दिसणार. दुसऱ्या खेपेला पांढरे आणले तर त्यातले दोन पेटेनात, वाटलं दुकानदाराने डुप्लिकेट माल गळ्यात मारला, पण एलईडी म्हणजे शेवटी डायोड, करंट एकाच दिशेने जाणार, काढून उलटे बसवले, लागले. हे सगळे स्क्रू पिळून झाल्यावर कळलं, म्हणजे परत उघडा.

(क्लोज-अप: मीटरवरचं बॅटरीचं चिन्ह)

आणि मग मी अतिशहाणपणा केला, बॅटरीच्या लाल दिव्यालाही एलईडी टाकला. सकाळी गाडी स्टार्ट केली तरी तो जाईना, चांगली रेस दिली की मगच जायचा. कोपऱ्यावरचे इलेक्ट्रिशियन काका बघून हसले, "अरे, तो नुसता दिवा नाही, डायनामोला जागं करायचं काम तोच करतो."

डायनामो म्हणजे आपला अल्टरनेटर, इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा. आतला रोटर, म्हणजे फिरणारा भाग, आधी चुंबक व्हायला लागतो, तेव्हा कुठे चार्जिंग सुरू होतं, आणि जुन्या बऱ्याच गाड्यांत त्यासाठीचा पहिला करंट या बल्बमधूनच जातो. ३ वॅटचा बल्ब धरला तर साधारण पाव अँपियर. एलईडी त्या मानाने जेमतेम थेंबभर सोडतो, मग रोटर कसला जागा होतोय! करंट वाढवायला एलईडीला समांतर रेझिस्टर लावता येतो, पण तो तापतो, प्लास्टिकच्या मीटरमागे मला नको वाटला. जुना बल्ब पुसून परत बसवला.

(दृश्य: चाबी ऑन. सगळं मीटर पांढरंशुभ्र, कोपऱ्यात एकच मवाळ लाल दिवा.)

आता स्टार्ट मारतो, बघा हां. गेला.