ऑफसाइड होता का नव्हता?

(दृश्य: सांगली. संमेलनाचा मांडव, पुस्तकांचे स्टॉल, चहाच्या टपरीभोवतीची गर्दी.)

साहित्य संमेलनातलं दुपारचं सत्र म्हणजे वक्त्याची परीक्षा. श्रोते जेवून आलेले, वर पंखे कुरकुरतायत, मागच्या रांगेत माना कलंडलेल्या. आज मात्र अडीचलाच खुर्च्या संपल्यात. पोरं खांबाला टेकून उभी आहेत. व्यासपीठावर ना कवी, ना समीक्षक. दोन निवृत्त फुटबॉलपटू बसलेत. एक मिरजेचे, दुसरे कोल्हापूरच्या पेठेतले. दोघांचीही सत्तरी उलटलेली.

सांगली तशी नाटकवाल्यांची. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते इथं. फुटबॉलचं वेड पन्नासेक किलोमीटर पलीकडचं, कोल्हापुरातलं. तिथं संघांची नावं तालमींची: खंडोबा, दिलबहार, पाटाकडील, बालगोपाल. नाव आखाड्याचं, खेळ फुटबॉलचा. सामना असला की शाहू स्टेडियमवर अख्ख्या पेठा येऊन बसतात.

(दृश्य: व्यासपीठ. सूत्रसंचालक माइक सरसावतात.)

सूत्रसंचालक अभ्यास करून आलेत, जरा जास्तच. पहिलाच प्रश्न: "१९५०चा वर्ल्ड कप आपण बूट नव्हते म्हणून खेळलो नाही ना?"

कोल्हापूरचे काका हसतात. "बुटाचं नाव पुढं केलं की बाकीच्यांची सुटका हुती."

खरंही तेच. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सशी अवघ्या २-१ने हरले. पण १९५०चा ब्राझीलमधला वर्ल्ड कप हुकला त्याची कारणं निराळी. भारतीय फुटबॉल महासंघाने सांगितलं, सरावाला वेळ नाही, संघनिवडीवर एकमत नाही. त्यात तेव्हा ऑलिंपिकपुढे वर्ल्ड कपची मातब्बरी कुणाला वाटत नव्हती. पुढे १९५२ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ने धुतलं आणि मग बूट सक्तीचे झाले. त्याच ऑलिंपिकमधून कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीचं कांस्यपदक घेऊन आले. मांडवात खाशाबांचं नाव निघताच टाळ्या पडतात. दहा गोलांना अर्थातच कुणी टाळी देत नाही.

(दृश्य: मिरजेच्या काकांचे हात, जवळून.)

बूट आले म्हणून सुख आलं असं नाही. मिरजेचे काका तळहात उताणा धरतात, हाच बुटाचा तळ. दुसऱ्या हाताच्या बोटाने एकेक जागा दाखवतात. "हितं चामड्याच्या गुट्ट्या, खिळ्यानं ठोकलेल्या. अर्धा तास पळलं की गुट्टी झिजायची आन् खिळा वर यायचा, थेट टाचेत. हाफटाइमला कोच भाषण द्यायचा, आमी दगडानं खिळं ठोकत बसायचो."

आणि चेंडू? चामड्याचाच, वर वादीने शिवलेला. पावसात भिजला की धोंडा. "हेड मारताना वादी कुठल्या बाजूला हाय ते बघायचं. कपाळावर बसली की संध्याकाळपर्यंत वळ."

पुढच्या रांगेतला शाळकरी मुलगा नकळत कपाळ चोळतो.

सूत्रसंचालक त्यांना १९६२च्या जकार्ताकडे नेतात. आशियाई खेळांतलं सुवर्ण, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियावर २-१. गोल पी. के. बॅनर्जींचा आणि जर्नेलसिंगचा. जर्नेल मूळचा बॅक, म्हणजे बचाव करणारा. डोक्याला टाके पडलेले, तरी प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला पुढे फॉरवर्डला खेळवलं. ही गोष्ट मिरजेचे काका अशी सांगतात, जणू टाके त्यांनीच घातले होते. पुढच्याच वर्षी रहीम कॅन्सरने गेले. इथं मात्र काका आवाज चढवत नाहीत. एवढंच म्हणतात, "तसा कोच परत गावला न्हाई."

(दृश्य: पुस्तकांचे स्टॉल.)

मधल्या वेळात आम्ही स्टॉल पालथे घातले. क्रिकेटवर ढीगभर पुस्तकं, कुस्तीवर चार-दोन, फुटबॉलवर एकही नाही. साहित्य संमेलनाने यांना बोलावलं ते बरंच झालं. पण बोलवायला इतकी वर्षं का लागली, हा प्रश्न कुणीतरी आयोजकांना विचारायला हवा. या माणसांना नोकऱ्या लागल्या त्या पायाच्या जोरावर. पण त्यांचे सामने छापून आले ते कोपऱ्यातल्या दोन ओळींत, नुसत्या गोलफरकासह. बाकी सगळं यांच्या तोंडी.

आणि तोंडी म्हटलं की वाद आलाच.

(दृश्य: दोघे एकमेकांकडे वळलेले.)

हे दोघे एका जुन्या सामन्यात समोरासमोर होते. गोल मिरजेने मारला. कोल्हापूरचे म्हणतात, ऑफसाइड, म्हणजे पास सुटला तेव्हा मिरजेचा गडी आमच्या शेवटच्या बॅकच्याही पुढं हुता. मिरजेचे म्हणतात, तुमचा बॅक बुटाची नाडी बांधत मागं ऱ्हायला हुता, ऑफसाइड कसला? सूत्रसंचालक घड्याळ दाखवतात. पुढच्या सत्राचे कवी विंगेत ताटकळलेत. इकडे टेबलावर पाण्याच्या बाटल्या, पेल्यांची झाकणं आणि सत्काराचा नारळ यांची मैदानावरची जागा ठरतेय. नारळ म्हणजे गोली.

तेवढ्यात सातव्या रांगेतून एक आजोबा उठतात. "मी त्या सामन्याला हुतो. ऑफसाइडच हुता."

दोघेही एकदम त्यांच्याकडे वळतात. "बसला कुठं हुता तुमी?"

"गोलच्या मागं."

"मग तुमाला काय दिसनार!" या एका मुद्द्यावर मात्र मिरज आणि कोल्हापूरचं एकमत आहे.